रा. रा. 200 ओके यांस अनावृत पत्र

मालवण, जि. सिंधुदुर्ग

रा. रा. 200 ओके यांस,
मु. पो. कुठलाही सर्व्हर

कृ. सा. न. वि. वि.

आपली ओळख निदान आमच्या धंद्यात तरी करून द्यावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: ब्राउझरने पान मागितलं की सर्व्हर आधी एक आकडा पाठवतो. पान नसेल तर 404, सर्व्हरच आडवा झाला तर 500, आणि सगळं आलबेल असेल तर आपण. 1996 साली छापलेल्या एचटीटीपी 1.0 च्या कागदपत्रात आपलं नाव आहे. तेव्हापासून आजवर आपल्या तोंडून नकार म्हणून कोणी ऐकलेला नाही. असा स्वभाव असलेली माणसं राजकारणात कुठच्या कुठे जातात. आपण मात्र लोड टेस्टिंगच्या रिपोर्टात रमलात, हा आपला साधेपणा.

माझंही पोट त्याच लोड टेस्टिंगवर चालतं. खरी गर्दी येण्याआधी खोटी गर्दी करून साइट कुठे मोडते ते बघायचं. ह्या कामात गर्दी म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. त्यात गणपतीला गावी यायचा दिवस असला, की सकाळी 8 च्या ठोक्याला मुंबईतला झाडून सगळा चाकरमानी एकाच वेळी बटण दाबतो. आणि 16 जुलै 2021 कोण विसरेल? कोरोनामुळे परीक्षाच न झालेल्या दहावीचा निकाल त्या दिवशी दुपारी 1 ला लागला. राज्याचा 99.95 टक्के, आमच्या कोकण विभागाचा चक्क 100 टक्के. नापास झाली ती वेबसाइट. कित्येक तास ती उघडलीच नाही, आणि शंभर टक्के पास झालेली पोरं संध्याकाळपर्यंत आपण पास आहोत का ते बघत बसली.

पण पत्राला कारण वेगळं आहे. गणपतीच्या तिकिटांच्या एका बुकिंग साइटची (नाव राहू दे) टेस्ट कोणीतरी करून दिली होती. बुकिंग उघडलं त्या सकाळी साइट झोपली, मग तो रिपोर्ट माझ्याकडे आला. काय सुरेख रिपोर्ट! पाचशे युजर, एरर शून्य टक्के, वेळ मिलिसेकंदांत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हिरवंगार. जिथे बघावं तिथे आपण.

माझी नजर मात्र सरासरी बाइट्सच्या रकान्यावर अडली. लॉगिन, गाडी शोधणं, सीटचा नकाशा, पैसे भरणं, सगळ्या पानांचं वजन सारखंच. सीटचा नकाशा आणि 'पैसे भरा'चं पान तोलामोलाने एकसारखं निघावं हे काही पटेना. मग जेमीटर ह्या आमच्या टेस्टच्या अवजारातला व्ह्यू रिझल्ट्स ट्री उघडून आपल्यामागे काय आहे ते वाचलं. तिथे प्रत्येक पानावर तेच वाक्य होतं: 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' हे वाक्य त्या पाचशे जणांना सुनावताना आपण वरून दर वेळी ओके म्हणत होता. वेग कुठून आला तेही कळलं. सर्व्हरला कामच नव्हतं. डेटाबेसला हात न लावता एक चिमूटभर पान भिरकावून द्यायला कितीसा वेळ लागतो?

हे झालं टोकनामुळे. लॉगिनच्या पानात एका लपवलेल्या खान्यात साइट प्रत्येकाला वेगळी अक्षरमाळ देते आणि पुढच्या पायरीला ती परत मागते, दुसऱ्याच्या नावाने कोणी फॉर्म भरू नये म्हणून. म्हणजे टेस्टलाही ती दर वेळी पानातून ताजी काढून पुढे द्यावी लागते. जेमीटरमध्ये ह्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन एक्स्ट्रॅक्टर असतो, दिलेल्या नमुन्याशी जुळणारा मजकूर पानातून उचलणारा. (जेमीटर 1998 चा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला तोही त्याच वर्षी, 26 जानेवारीला. दोन्ही आमच्या पोटापाण्याचे, म्हणून लक्षात राहिलं.) इथल्या एक्स्ट्रॅक्टरने त्या लपवलेल्या खान्याचं आधी नेम आणि मग व्हॅल्यू, असा क्रम धरला होता. साइटच्या नव्या रिलीजमध्ये कोणीतरी व्हॅल्यू पुढे आणि नेम मागे केलं. ब्राउझरला त्याचं सोयरसुतक नसतं, एक्स्ट्रॅक्टरला मात्र हाती काहीच लागेना. त्यात डीफॉल्ट व्हॅल्यूचा रकाना कोरा. अशा वेळी जेमीटर रडत-ओरडत नाही. भरायची जागा आहे तशीच पाठवून देतो. पाचशे चाकरमान्यांनी सर्व्हरला टोकन म्हणून काय दिलं? डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत 'टोकन' हा शब्द. ह्यावर ज्याने 403 म्हणून दरडावायला हवं होतं, त्या सर्व्हरने आपल्याला पुढे केलं.

दुरुस्तीला बसलेल्या पोराने घाईत नमुन्यात डॉट-स्टार, म्हणजे 'काहीही, कितीही', लावला. पान मिनिफाय केलेलं, सगळं एकाच ओळीत. त्यामुळे रापण ओढावी तसं झालं: हवी होती एक सुरमई, जाळ्यात आलं ते शेवटच्या अवतरण चिन्हापर्यंतचं सगळं पान. पुढे एक प्रश्नचिन्ह जोडल्यावर टोकन तेवढं सुटं झालं. तरी टेस्ट कधी चाले, कधी नाही. मला ह्या 'कधी कधी'ची भारी धास्ती. आधी वाटलं, मॅच नंबरच्या खान्यात शून्य असेल. शून्य म्हणजे सापडलेल्यांतलं कुठलंही एक उचल. पण तिथे 1 होता. टोकनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा उलगडलं. ज्यांच्यात अधिकचं चिन्ह होतं तीच मरत होती, कारण फॉर्ममधून जाताना त्या चिन्हाची मोकळी जागा होते. जेमीटरच्या पॅरामीटरच्या ओळीत 'एन्कोड'ची एक चौकट असते. तिच्यातल्या तेवढ्या एका खुणेवर सगळं अडलं होतं.

ह्या सगळ्या काळात आपण काय करत होता? ओके म्हणत होता. आमच्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं घालतात, म्हणून मीही घालतो: बा देवा 200 म्हाराजा! ह्या लेकरांका एक्स्ट्रॅक्टर लावताना काय चूकभूल झाली असात, तर ती सगळ्यांसमोर दाखवन दी, पोटात लपवन ठेव नको, रे म्हाराजा! (होय म्हाराजा!)

गाऱ्हाण्यावर विसंबून मात्र राहिलेलो नाही. डीफॉल्टच्या रकान्यात आता 'टोकन-सापडलं-नाही' असं लिहिलंय, म्हणजे ट्रीमध्ये शोधायला सोपं. आणि प्रत्येक पायरीला रिस्पॉन्स असर्शन लावलंय: सीटच्या पानावर 'सीट निवडा' हे शब्द दिसले तरच पास, मग आपण कितीही ओके म्हणा. तशी टेस्ट पुन्हा चालवली. पाचशे दूरच राहिले, त्याच्या खूप आधीच वेळ चढू लागला आणि रिपोर्टात लाल रंग उगवला. साइटवाल्यांचे चेहरे पडले. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

आपला,
आपल्यामागचं पान वाचणारा एक टेस्टर

ता. क. ह्या पत्राची प्रत आपले बंधू 302 यांनाही धाडणार होतो. पण ते आलेल्याला न बोलता लॉगिनच्या पानावर नेऊन सोडतात, तिथे दारात पुन्हा आपणच उभे असता, आणि 'रीडायरेक्टच्या मागे जा' ही खूण केलेली असली की रिपोर्टाच्या ओळीत नाव आपलंच लागतं. तेव्हा त्यांना आपणच कळवावं. पत्र पोचल्याची पोच नको. ती काय असेल ते मला माहीत आहे.