गव्हाणीला रेनडिअरचा जामीन

अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने शासनाला धर्माची स्थापना करण्यास, म्हणजे एखाद्या धर्माला राजमान्यता देण्यास, मनाई केली असली, तरी नगरपालिकेने नाताळात येशूजन्माचा देखावा मांडावा की नाही, याविषयी तीत चकार शब्द नाही. ही उणीव तेथील सर्वोच्च न्यायालयाने भरून काढली आणि त्यासाठी धर्मशास्त्राला हात न लावता सजावटकलेचा आधार घेतला.

ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट शहराने भर बाजारपेठेतील उद्यानात मांडलेल्या देखाव्यात गव्हाण, म्हणजे बाळ येशू, मेरी, जोसेफ, मेंढपाळ आणि देवदूत यांच्या मूर्तींचा संच, तर होताच; शिवाय सांताक्लॉजचे घर, त्याची गाडी ओढणारे रेनडिअर, विदूषक, हत्ती आणि टेडी बेअर ही मंडळीही हजर होती. लिंच विरुद्ध डॉनेली (१९८४) या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हा सगळा गोतावळा घटनात्मक ठरला, कारण गव्हाण सुटी न पाहता सणाच्या एकूण संदर्भात पाहावी, असे बहुमताचे म्हणणे पडले. विदूषकाच्या संगतीत देवाचे देवपण कायद्याला चालेल इतके पातळ होते, असा सिद्धान्त यातून निघतो आणि वकील मंडळी त्याला थट्टेने ‘रेनडिअरचा नियम’ म्हणतात. गव्हाणीला अशी अर्थहीन आणि व्यापारोपयोगी वस्तू करून टाकल्याबद्दल भिन्नमतपत्रात हळहळणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांच्यावरच पाच वर्षांनी पिट्सबर्गचा निकाल लिहिण्याची पाळी आली, हा योग कोणत्याही पंचांगात सापडणार नाही.

पिट्सबर्गच्या प्रकरणात काउंटी न्यायालयाच्या भव्य जिन्यावरील गव्हाणीला सोबत होती ती फक्त फुलझाडांची, आणि फुलांमुळे लक्ष उलट मूर्तींकडेच वेधले जाते, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे शासन धर्माची पाठराखण करत असल्याचा समज पाहणाऱ्याचा होईल का, हे तपासणाऱ्या कसोटीवर ती नापास झाली. (कुंड्यांच्या खर्चात एखादा हत्ती आणला असता, तर कदाचित निभावले असते.) जवळच्याच सरकारी इमारतीसमोरचा १८ फुटी मनोरा, म्हणजे ज्यूंच्या हनुका सणाचे दीपपात्र, मात्र सुटला, कारण शेजारी ४५ फुटी ख्रिसमस वृक्ष जामीन उभा होता आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा महापौरांचा फलकही होता.

जागाच सर्वांना खुली केली, तर खासगी देखाव्यांत निवड करण्याचा अधिकार शासनाला उरत नाही, हा दुसरा मार्ग फ्लोरिडाच्या विधानभवनाने पत्करला, आणि २०१३ साली तेथे गव्हाणीच्या जोडीला बिअरच्या रिकाम्या डब्यांचा खांब उभा राहिला.

केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन (२०२२) या निकालाने पाठराखणीची कसोटी मोडीत काढून ऐतिहासिक प्रथा प्रमाण मानण्यास सांगितल्यामुळे रेनडिअरांची नोकरी धोक्यात आली असून, गव्हाणीच्या समर्थकांना इतिहासाचा मोठाच भरवसा वाटू लागला आहे. त्या इतिहासात १६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या धर्मनिष्ठ प्युरिटन वसाहतीने केलेला, नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठोठावणारा कायदाही येतो.