उतारेवाले लाओशी

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सूचना लागली होती. वर चिनी, खाली इंग्रजी: उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही. मी ती वाचली आणि घरात बादल्या किती आहेत ते मनात मोजायला लागलो. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मात्र खिशातून लाल पेन काढलं, इंग्रजी मजकुरातल्या एका क्रियापदाखाली रेघ ओढली, समासात फुली मारली आणि अस्खलित इंग्रजीत मला विचारलं, "हा मजकूर लिहिण्यामागे लेखकाचा मुख्य हेतू काय असावा?"

मी म्हटलं, "पाणी नाही."

ते विलक्षण खूश झाले. "बरोबर! बाकी सगळा तपशील."

ते एवढ्या सफाईने बोलले, म्हणून हे छान इंग्रजी बोलत असतील अशी माझी समजूत झाली. ती पुढच्या मजल्यापर्यंतच टिकली. हा प्रश्न ते तीस वर्षं रोज विचारत आले होते, म्हणून तेवढा ओठांवर बसला होता. "चहा घेणार का?" हे विचारायला त्यांना कागद-पेन्सिल लागली. चीनमध्ये या दुखण्याला 'मुकं इंग्रजी' असं नाव आहे: डोळ्यांना सगळं कळतं, तोंडातून काही फुटत नाही. आम्हीही मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलो आणि पहिलं वाक्य नोकरीच्या मुलाखतीत बोललो, त्यामुळे मला ते लगेच आपले वाटले.

मी तेव्हा शांघायजवळच्या वूशी शहरात पंपांच्या कारखान्यात होतो. ते सातव्या मजल्यावर, मी आठव्या. लाओशी म्हणजे गुरुजी. शेजारपाजार त्यांना तेवढंच म्हणायचा, मीही तेच म्हणू लागलो. माझं देशपांडे हे आडनाव त्यांना पेलेना. त्यांनी अलीकडचं पलीकडचं छाटून मधलं 'पान' तेवढं ठेवलं आणि मी पान श्येनशंग, म्हणजे पानसाहेब झालो. पुढे कळलं, की या माणसाच्या आयुष्यात पानापेक्षा मोठं काही नाही. पानही पूर्ण नाही. उतारा.

लाओशी उच्च माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला, इंग्रजी शिकवायचे. बारावीनंतर गाओकाओ, म्हणजे विद्यापीठप्रवेशाची परीक्षा. दर जूनच्या ७ तारखेला सुरू होणाऱ्या या परीक्षेला २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. त्या दिवसांत परीक्षा केंद्राजवळची बांधकामं थांबतात आणि आया लाल रेशमी छिपाव घालून फाटकाशी उभ्या राहतात, कारण त्या पोशाखाच्या नावातला 'छि' हा उच्चार विजयाच्या एका शब्दप्रयोगातही येतो. इंग्रजीला दीडशे गुण. त्यातले पन्नास वाचनाचे: ए ते डी असे चार उतारे, त्यांवर पंधरा प्रश्न, शिवाय एक पाच गाळलेल्या जागांचा उतारा, ज्यात सात वाक्यं दिलेली असतात आणि दोन तोतया असतात. प्रत्येक उत्तराला अडीच गुण. एक गुण वाढवा, हजार जणांना मागे टाका, अशा अर्थाचे फलक तिथल्या शाळांतून लागतात. त्या हिशोबाने एका चुकीच्या उत्तरात अडीच हजार पोरं पुढे निघून जातात.

त्यामुळे अडीच हे लाओशींचं चलन होतं. मंडईत मासा उचलून म्हणायचे, "हा अडीच गुणांचाही नाही." बायकोने नवीन पडदे लावले, तर "अडीच!" ही सर्वोच्च दाद. त्याहून जास्त द्यायची त्यांना सोयच नव्हती.

ए उतारा सहसा जाहिरातवजा असतो. कुठल्या तरी अभयारण्याची सहल, कुठलं तरी संग्रहालय, बारा वर्षांखालच्या मुलांना सवलत, सोमवारी बंद. लाओशी कधी देशाबाहेर गेले नव्हते, पण अशी शेकडो तिकिटं त्यांनी कागदावर काढली होती. माझी बहीण कॅनडात असते म्हटल्यावर त्यांनी तिच्या प्रकृतीची चौकशी केली नाही. तिथल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या बसला कुत्रं चालतं की नाही, हे मात्र मला सांगितलं. बी मध्ये कुणीतरी जिद्दीने काहीतरी करतं. सी मध्ये काहीतरी समजावून सांगितलेलं असतं. डी मध्ये शास्त्रज्ञ असतात, आणि तिथे वर्गातली निम्मी पोरं धारातीर्थी पडतात.

एकदा त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. पन्नासेक मुलं, बाकावर पुस्तकांच्या एवढ्या चळती की पोरं खंदकात बसल्यासारखी. लाओशींच्या कमरेला 'छोटी मधमाशी' होती. घसा वाचवायला तिकडचे मास्तर कमरेला एक चिमुकला ध्वनिवर्धक बांधतात, त्याचं हे नाव. डाव्या हाताशी थर्मास, त्यात तरंगणारी सुकी लाल गोजी फळं. फळ्यावर एक इंग्रजी वाक्य होतं, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा खाली वळलेलं. लाओशींनी रंगीत खडू घेतले. पिवळ्याने कर्ता, लालने क्रियापद, आणि बाकी सगळं निळ्या कंसांत कोंडलं.

"शेपूट कापा!" मधमाशी गुणगुणली. पन्नास वह्यांत कंस पडले.

मी उडालोच. हे तर आमच्या शाळेतलं वाक्यपृथक्करण! फरक एवढाच, की आमचे मास्तर पृथक्करण करून वाक्य तसंच मेलेलं टाकून जायचे आणि लाओशी ते पुन्हा जोडून दाखवायचे. मुलांची अडचण खरी होती. आपण 'काल बाजारात भेटलेला माणूस' म्हणतो. चिनी माणूसही काल, बाजार, भेट हे सगळं लटांबर आधी सांगतो आणि माणूस शेवटी आणतो. इंग्रजी आधी माणूस उभा करते, मग त्याच्या मागे शेपटं लावत जाते, शेपटाला आणखी शेपूट. त्यात चिनीत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाच्या मागे अनेकवचनाचा 'स' लागत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला शब्द सगळे माहीत असतात, पण कोण कुणाचं काय करतंय ते कळत नाही. हे मला त्या तासाला पटलं, आणि लाओशी नुसता परीक्षांचा घाणा ओढणारे नाहीत हेही.

अर्थात घाणाही होताच. मुख्य आशय, तपशील, अनुमान, शब्दाचा अर्थ ओळखणे: जगातले सगळे प्रश्न त्यांनी या चार बरण्यांत भरून ठेवले होते. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. पहिलं आणि शेवटचं वाक्य चावून खा. 'नेहमी', 'कधीच', 'सगळे' असे शब्द असलेला पर्याय बहुधा खोटा. पोरांचं स्वतःचं एक शास्त्रही होतं: तीन पर्याय लांब नि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड नि एक लांब असेल तर लांब, आणि काहीच सुचेना तर सी. लाओशींना याचा संताप यायचा. "बोर बीसकट गिळतात!" ते म्हणत. न चावता शिकणाऱ्याला चिनीत असंच म्हणतात. शब्दांच्या याद्यांची तीच कथा. साडेतीन हजार शब्दांचं पुस्तक, वर्णक्रमाने लावलेलं, सुरुवातीलाच शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. पोरं पुस्तक उघडतात, सोडून द्यायला शिकतात आणि सोडून देतात. हा विनोद चीनभर जुना झाला आहे. लाओशी एकटेच त्यावर अजून हसले नव्हते.

शिस्त शाळेत ठेवून घरी यावं, हे मात्र त्यांना जमलं नाही. एकदा मी जेवायला गेलो असताना काकू म्हणाल्या, "हे कधीच वेळेवर येत नाहीत." लाओशींनी काड्या खाली ठेवल्या. "'कधीच' आहे. हा पर्याय बाद." काकू पुढे वीस मिनिटं बोलल्या. त्यांची मुलगी, अकरावीतली, मला हळूच म्हणाली, "बाबा पहिलं आणि शेवटचं वाक्य ऐकतात." शेवटचं वाक्य कचऱ्याच्या पिशवीबद्दल होतं. लाओशी उठले आणि पिशवी घेऊन खाली गेले. पद्धतीत दम होता, हे नाकारता येणार नाही.

ही मुलगी चोरून गोष्टींची पुस्तकं वाचायची. तिकडे 'पुस्तककिडा' या अर्थाच्या नावाची सोप्या इंग्रजी गोष्टींची मालिका मिळते, पातळ पातळ पुस्तकं, शब्द मोजून घातलेले. ती गणिताच्या वहीखाली. मास्तरांच्या शास्त्रात बारीक वाचन आणि मोकळं वाचन असे दोन प्रकार आहेत. लाओशींना दुसरा तत्त्वतः मान्य होता, सुट्टीत, गाओकाओ झाल्यावर.

एका रविवारी त्यांनी मला डी उतारा सोडवायला बसवलं. दुर्दैवाने तो पाणी उपसण्यावर होता. मी पंपांत वीस वर्षं घालवलेला माणूस. चारातले तीन चुकलो.

"पण लाओशी, लेखक चुकलाय! असा दाब मिळणारच नाही."

"पानसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "लेखक चुकत नसतो. तुम्ही स्वतःचं ज्ञान वापरलंत. पेपरात ते आणायला परवानगी नाही."

त्यांच्या लेखी मजकुराबाहेर जग नव्हतंच. आणि मजकूर संपायचा तीन-साडेतीनशे शब्दांवर. 'पुढच्या परिच्छेदात लेखक बहुधा काय सांगेल?' हा त्यांचा लाडका प्रश्न. तीस वर्षांत असे हजारो पुढचे परिच्छेद त्यांनी ओळखले होते. वाचलेला एकही नव्हता. एकदा चहा पिताना सहज बोलून गेले, "तो व्हेलचा उतारा... पिल्लू सापडलं का शेवटी, कोण जाणे." मग थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि विषय बदलला.

लिहिण्याचंही तेच. इंग्रजीच्या पेपरात पत्र असतं, ऐंशीएक शब्दांचं, आणि ते लिहिणारा विद्यार्थी वर्षानुवर्षं एकच: ली ह्वा. ली ह्वा परदेशी मित्राला सहलीचं आमंत्रण देतो, ली ह्वा दिलगिरी कळवतो, ली ह्वा चहाच्या परंपरेची माहिती देतो. मित्राचं उत्तर कधी येत नाही. चीनमधल्या कोट्यवधी मुलांनी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र या माणसाच्या नावाने लिहिलं आहे. लाओशींनी नमुना म्हणून अशी किती लिहिली असतील, त्याचा हिशोब नको.

भारतात परतायच्या आधी मी त्यांना आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' दिलं. १९३५ सालचं, शाळकरी पोराचं, पूर्ण पुस्तक. त्यांनी ते तळहातावर तोललं. "किती उतारे होतील?"

आठवड्याभरात ते आठव्या मजल्यावर आले. पुस्तकात पेन्सिलीचे कंस, समासात ए बी सी डी. क्रिकेटच्या पानांवर प्रश्नचिन्हांची रांग. मी त्यांना झाडूने फटका मारून दाखवला. पण त्यांना बोलायचं होतं आंब्यांबद्दल. स्वामीचे वडील त्याला गणित घालतात: दहा आंबे पंधरा आण्यांना, तर चार आंब्यांना किती? आणि स्वामीला प्रश्न पडतो, आंबे पिकलेले होते की कच्चे?

"हा मुलगा नापास होणार," लाओशी म्हणाले. "पिकले की कच्चे, मजकुरात नाही." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "पण विचारायला हवं होतं, नाही का?"

शेवट मी सांगू लागलो, तर त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

मी पुण्याला आलो. चार महिन्यांनी त्यांची ईमेल आली. ज्यांनी ते पुस्तक वाचलं असेल त्यांना आठवत असेल: राजम गाव सोडून चाललाय, गाडी सुटताना स्वामी त्याला एक पुस्तक भेट देतो, आणि राजमच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते मणीला विचारत राहतो. मणी बरं ते सांगतो, पण त्याच्या चेहऱ्यावरून काही उमगत नाही.

ईमेल अशी होती:

"प्रिय पानसाहेब, आपण कसे आहात? पुस्तक संपलं हे कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रथमतः, शेवट मी तीनदा वाचला. मणी खरं बोलतो की खोटं, यावर चार पर्याय तयार केले. उत्तर मजकुरात सापडलं नाही. दुसरं म्हणजे, प्रश्न वर्गात दिला. मुलांनी चारही पर्याय निवडले आणि मधल्या सुट्टीतही भांडत होती. सी फक्त सहा जणांनी लिहिलं. शेवटी, मी सगळ्यांना अडीच गुण दिले. कृपया हे आमच्या शाळेत कुणाला कळवू नये. दुसरं पुस्तक असल्यास पाठवावं. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे."

आणि खाली, सवयीने:

"आपला, ली ह्वा."