नियमात बसणारे निरुपद्रवी वाहन

अडीचशे वॉटपर्यंत शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग, अशा अटींत बसणारी विजेवरची दुचाकी ही मुळी मोटार वाहनच नव्हे, असा निर्वाळा केंद्रीय नियमांनी देऊन टाकल्यामुळे, नववीतल्या चिरंजीवांसाठी ती खरेदी करणारा पिता परवाना, नोंदणी आणि विमा या त्रिविध तापांतून एकदमच मुक्त होतो. आणि मग, एवढ्या मंद वाहनाने कुळाची अब्रू जाईल या रास्त चिंतेपोटी, त्याची वेगमर्यादा काढून देण्याची तजवीजही दुकानदाराकडूनच करून घेतो. त्या क्षणी ते वाहन कायद्याच्या कक्षेत शिरते, आणि २०१९ साली दाखल झालेल्या कलम १९९ अ अन्वये २५ हजारांचा दंड व तीन वर्षांपर्यंतची कैद पित्याच्याच नावे जमा होऊ शकते, ही किरकोळ बाब घरात कोणाच्या कानी जात नाही. शाळेचा बंदोबस्त तर निर्दोषच असतो: आवारात वाहन आणण्यास सक्त मनाई असल्याने ती सारी फाटकाबाहेरच्या वाणसामानाच्या दुकानासमोर उभी राहतात, आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात शिरस्त्राणाच्या महतीवर निबंध लिहून पहिला आलेला विद्यार्थी बक्षिसाचा करंडक मधल्याच्या मांडीवर ठेवून, बोडक्या डोक्याने, ट्रिपल सीट घरी परततो.