बाकावरून

त्या पार्कच्या दारात एक लाकडी जिराफ उभा होता. त्याच्या मानेवर आकडे रंगवलेले, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याला पाठ लावून उभं राहावं लागत होतं. इथे तिकीट उंचीवरून ठरतं, एसटीत वयावरून. पाच पुरी झाली की अर्धं, बारा पुरी झाली की पूर्ण. त्यामुळे आमच्या पिढीतल्या कित्येक मुलांचा पाचवा वाढदिवस घरात औक्षणासकट होऊनही कंडक्टरसमोर पुढची दोन वर्षं झालाच नाही. इथे ती सोय नाही. वय लपवता येतं, उंची कुठे लपवणार? आमची नात सव्वादोन वर्षांची; घरात तिला ठकी म्हणतात. ठकी जिराफाला टेकून उभी राहिली, कुणीतरी आपल्याला मोजतंय या जाणिवेनं तिनं हनुवटी वर केली, श्वास रोखला, आणि तरीही जिराफाच्या गुडघ्याच्या जरा वरच ती संपली. ‘फ्री,’ दारावरचा मुलगा म्हणाला. माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर विजयाची लकेर उमटली. ती मावळायला दहाच मिनिटं लागली. आत गेल्यावर कळलं, जिला तिकीट नाही तिला मोठा पाळणाही नाही.

खरं तर सव्वादोन वर्षांच्या मुलीला एवढ्या लांब, एवढे पैसे खर्चून न्यावं का, यावर आमच्या घरात आठवडाभर परिसंवाद चालला होता. ‘तिला काय कळतंय? समोरच्या बागेत घसरगुंडी आहे की,’ ही आमच्या हिची बाजू. ‘आई, मुलांना एक्सपोजर मिळतं,’ ही सूनबाईंची. एक्सपोजर हा शब्द मला फिल्मच्या रोलपुरताच माहीत, आणि त्या बाबतीतला माझा अनुभव फारसा अभिमानास्पद नाही. पण ते पुढे येईलच. शेवटी मुलानं हुकमाचं पान टाकलं. ‘बाबा, तुम्ही मला लहानपणी कुठे नेलंत?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. मी गप्प बसलो, आणि आमच्या घरात गप्प बसणाऱ्याचं मत होकारात धरतात.

दारावर पिशव्यांची झडती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा नियम. तान्ह्यांच्या खाण्याला तेवढी सूट. ठकीच्या डब्यातला तूप-मीठ-मऊ भात सुरक्षारक्षकानं उघडून आदरानं परत बंद केला. माझ्या तिखटामिठाच्या पुऱ्या मात्र बाहेरच राहिल्या. मी त्याला म्हणणार होतो, की बाबा रे, माझ्या दातांचा हिशेब मांडलास तर मीही त्या भाताच्या बाजूनंच मोजला जाईन. पण मागे रांग होती, आणि रांगेत माणूस तत्त्वज्ञान फार वेळ सांगू शकत नाही.

आत पहिल्याच मोठ्या पाळण्यापाशी पाटी होती. इतक्या उंचीखालच्यांनी बसू नये. त्याखाली, हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. पहिली ओळ ठकीसाठी आणि दुसरी माझ्यासाठी लिहिली होती. एकाच पाटीनं आजोबा-नातीला एका दमात निवृत्त केलं होतं. ‘तुम्ही दोघं इथे बसा, आम्ही पटकन जाऊन येतो,’ असं म्हणत मुलानं बाबागाडी, तीन पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, सूनबाईंची पर्स आणि ठकी, या क्रमानं माझ्या स्वाधीन केलं. हिनं सावलीतली खुर्ची शोधून डोळे मिटले होते. मी बाकावर बसलो. जिच्या एक्सपोजरसाठी सगळं चाललं होतं ती माझ्या मांडीवर, आणि जे तिला दाखवायला आले होते ते दोघं आकाशात उलटे टांगलेले. मुलाची किंचाळी मला गर्दीतून ओळखू आली. पस्तिशी उलटल्यावर माणूस असं ओरडत नाही. घरात तर नाहीच. ती किंचाळी आठ वर्षांच्या मुलाची होती आणि बऱ्याच दिवसांनी भेटली होती.

बाकावर बसलं की बाकांविषयी विचार सुचतात. वॉल्ट डिस्ने नावाचा एक बाप शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात न्यायचा. मुली गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. बसून बसून कंटाळला, तेव्हा त्याच्या मनात आलं, की जिथे आईबाप आणि मुलं एकत्र मजा करू शकतील अशी एखादी जागा का असू नये? त्या कंटाळ्यातून, तो स्वतःच सांगायचा, डिस्नेलँडची कल्पना निघाली. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये ते उघडलं, तेव्हा उकाडा असा होता की नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. म्हणजे लहान मुलांना घेऊन अशा जागी गेल्यावर जे जे होतं, ते पहिल्याच दिवशी होऊन गेलं होतं. मला त्या शेंगदाणे खाणाऱ्या माणसाविषयी फार आपुलकी वाटली. बाकावरच्या माणसाला बाकावरून उठवण्यासाठी त्यानं एवढा पसारा मांडला. आणि सत्तर वर्षांनी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, त्याच पसाऱ्यात एक माणूस बाकावर बसलाच आहे. शेंगदाणे तेवढे नाहीत. तेही झडतीत गेले असते.

ठकीला म्हणून जे पाळणे होते, ते चार. त्यातल्या घोड्यांवर तिला बसवलं, तेव्हा पासपोर्टचा फोटो काढून घेणाऱ्याच्या गांभीर्यानं ती तीन फेऱ्या बसून राहिली. मग एक भलंमोठं अस्वल आलं, म्हणजे अस्वलाच्या वेशातला माणूस. त्याचं नुसतं डोकंच ठकीएवढं. त्यानं प्रेमानं हात पुढे केला आणि ठकीनं जो टाहो फोडला, त्यानं रांगेतली आणखी चार मुलं रडू लागली. सूनबाईंनी त्याचेही फोटो काढले. एकंदर दोनशे चौदा फोटो निघाले त्या दिवशी. मी नंतर मोजले.

पण दिवसातली खरी गोष्ट त्या दोनशे चौदांत नाही. दुपारी पुन्हा आम्ही दोघं बाकावर होतो. भात खाऊन झाला होता, एक शीत तिच्या हनुवटीवर वाळत होतं. समोरच्या आइसक्रीमच्या दुकानामागे एक अरुंद बोळ होता, आणि त्यात ते अस्वल येऊन उभं राहिलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं आणि उचलून काखेत घेतलं. आतून विशीतला एक किडकिडीत मुलगा निघाला. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा निथळणारा. तो घटाघटा पाणी प्यायला. मी ठकीला जवळ ओढलं, आता पुन्हा टाहो येणार म्हणून. ती रडली नाही. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘डोकं काढलं.’ आपण ‘चप्पल काढली’ म्हणतो ना, त्याच सुरात. बाहेरून आलं की चपला काढायच्या, तसं दमलं की डोकं काढायचं. यात तिला वावगं काही दिसलं नाही. उलट जगातली एक गोष्ट आज नीट समजल्याचं समाधान दिसलं. मग ती माझ्याकडे वळली. माझी टोपी काढून बाकावर ठेवली, माझे दोन्ही कान घट्ट धरले आणि वर ओढायला लागली.

मीही थोडी मान उंच करून दिली. निघालं असतं तर बरंच झालं असतं, एवढं ते डोकं त्या उन्हात तापलं होतं. बोळातल्या त्या मुलानं हे पाहिलं आणि तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं काखेतलं डोकं परत घातलं, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि कामावर निघून गेला.

हे तिला आठवणार आहे का? माणसाची पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडे जात नाही, असं मानसशास्त्रवाले सांगतात. त्या वयात मेंदूत नव्या पेशींची अशी भरती चालू असते, की नवे भाडेकरू येताना जुन्यांच्या नावाच्या पाट्या निघून जातात, असं काही संशोधकांना वाटतं. २०२५ साली येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तान्ह्या मुलांना एमआरआय यंत्रात जागेपणी चित्रं दाखवून पाहिली, तर वर्षाच्या आसपासची मुलंही पाहिलेलं मेंदूत नोंदवतात असं दिसलं. म्हणजे दागिने लॉकरमध्ये कदाचित असतीलही, किल्ली तेवढी हरवते. माझ्या मुलाची किल्ली तर मीच हरवली. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, आणि १९९१ मध्ये, तो तीन वर्षांचा असताना, मी त्याला तिथे नेलं होतं. बोरिवली, मग खाडी, मग बोट. बोटीत तो माझ्या शर्टाचं बटण धरून झोपला. मी छत्तीसचा रोल संपवला. आठवड्यानं फोटोवाला म्हणाला, ‘साहेब, तुमचा रोल आत सरकलाच नाही.’ छत्तीसच्या छत्तीस क्षणांना उजेडच लागला नव्हता. ‘तुम्ही मला कुठे नेलंत?’ हा प्रश्न त्या कोऱ्या रोलमधून आलेला आहे. ते बटण मी घरी येऊन पुन्हा शिवून घेतलं होतं, पण हा काही पुरावा नव्हे.

उलट माझी स्वतःची एक आठवण फारच पक्की आहे. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी सुरू झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी जन्मलो. दोन वर्षांचा असताना मला त्या गाडीत बसवलं होतं, आणि मला ते लख्ख आठवतं. डब्याची गार कड, अंगात हिरवा स्वेटर, कुंपणापलीकडे माझा निसटलेला एक बूट हातात धरून उभे असलेले वडील. काकांच्या बॉक्स कॅमेऱ्यानं काढलेला फोटोही आहे. मोठेपणी कधीतरी लक्षात आलं, की फोटो काळा-पांढरा आहे. मग स्वेटर हिरवा, हे मला कुणी सांगितलं? अर्थात आईनं. माझ्या हट्टाखातर तिनं ती गोष्ट जेवताना, झोपताना, तापात, इतक्या वेळा सांगितली की तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्या डोळ्यांत उतरलं. मला जे आठवतं ते फुलराणी नव्हे. मला आठवते ती आई, फुलराणीची गोष्ट सांगणारी. गेल्या दिवाळीला आत्याला सहज विचारलं. ती पंच्याऐंशीची आहे आणि तिला शंका ठाऊक नाहीत. ‘हिरवा कुठला? मरून होता. मीच विणला होता,’ ती म्हणाली. आई आता नाही. तिला विचारता येत नाही, आणि आत्याचं ऐकायला मन धजत नाही. मरून स्वेटरातला तो मुलगा कोण, मी त्याला ओळखत नाही.

पार्कातून परतताना ठकी गाडीत लगेच झोपली. पुढे मुलगा आणि सूनबाई कुठल्यातरी वळणावर आपण किती ओरडलो यावर हसत होते. त्यांचे पैसे वसूल झाले होते. ठकीचे गेलेच नव्हते. माझं म्हणाल तर मी अख्खा दिवस पिशव्या सांभाळल्या होत्या, आणि सांभाळणाऱ्याकडे काही ना काही मागे राहतंच.

आता त्याला आठ महिने झाले. फोनवरचे फोटो दाखवले की ठकी घोड्यावरच्या स्वतःकडे पाहून ‘ही बाई कोण?’ अशा नजरेनं बघते. पण रात्री माझ्याकडे तिची एक ठरलेली गोष्ट असते. एक अस्वल असतं, ते दमतं, बोळात जातं आणि डोकं काढून पाणी पितं. पहिल्याच रात्री तिनं विचारलं, ‘आबा, अस्वल कसल्या रंगाचं होतं?’ मी अडखळलो. तपकिरी होतं का? की निळं? सूनबाईंच्या फोटोंत ते सापडलं असतं. फोन उशाशीच होता. मी फोन उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला.

काल ती आजीला तीच गोष्ट सांगत होती, हात नाचवत, अगदी स्वतः पाहिल्यासारखी. आणि पाहिलेली तर होतीच. ही हसून म्हणाली, ‘वेडाबाई, अस्वल कुठे हिरवं असतं?’ ठकीनं माझ्याकडे पाहिलं. मी टोपी काढून ठेवली आणि म्हणालो, ‘हिरवंच होतं. मी होतो ना तिथे.’