पाव इंचाची तक्रार

साडेबारा इंचाचा चौकोन मागितला असेल तर तो चारही बाजूंनी साडेबारा इंच असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. आमच्या गटात ती प्रत्येक फेरीच्या आधी मांडली जाते आणि सगळ्या जणी माना डोलावतात. तरी माझ्या हाती येणारा चौकोन एका बाजूला साडेबारा, समोरच्या बाजूला सव्वाबारा आणि उरलेल्या दोन बाजूंना मधेच कुठेतरी असतो.

मी ओहायोत राहते आणि इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांच्या एका गटात जाते. तिथे राउंड रॉबिन चालतो. प्रत्येकीने आपल्या क्विल्टचा मधला तुकडा, म्हणजे सेंटर ब्लॉक, शिवायचा आणि डब्यात घालून पुढच्या बाईला द्यायचा. ती त्याच्या भोवती एक बॉर्डर जोडते आणि डबा पुढे देते. सहा जणी असतील तर पाच बॉर्डरी लागून डबा मालकिणीकडे परत येतो. तोवर मधल्या चौकोनाचा पलंगावर घालण्याएवढा पसारा झालेला असतो. मग तिने खाली अस्तर आणि मधे बॅटिंग, म्हणजे मऊ भरावाचा थर, घालून तो शिवून पुरा करायचा.

म्हणजे पाच बायकांचं काम पहिल्या एका तुकड्यावर उभं असतं. आणि हा पहिला तुकडा बहुतेक जणी आदल्या रात्री शिवतात.

साडेबारा इंच का, तेही सांगते, कारण गटातल्या जुन्या बायकाही हे माप म्हणजे कुणाची तरी हौस असल्यासारखं बोलतात. क्विल्टमध्ये शिवणीची माया पाव इंच असते. चारही बाजूंची माया शिवणीत गेली की साडेबाराचा चौकोन बरोबर बारा इंच उरतो. बाराला दोनाने, तिनाने, चाराने, सहाने भाग जातो. पुढच्या बाईला दोन इंची चौकोनांची बॉर्डर लावायची असेल तर एका बाजूला सहा बसतात. दोन बाय चारचे फ्लाइंग गीज, म्हणजे त्रिकोण जोडून केलेले आयत, लावायचे तर तीन बसतात. कुठेही अर्धा तुकडा कापावा लागत नाही.

आता माया थोडी जास्त घेतली तर काय होतं ते पाहा. चौकोनात आडवे सहा तुकडे असतील तर मधे पाच शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत १/१६ इंच जास्त गेला, तर दोन्ही तुकड्यांचा मिळून १/८ इंच गेला. पाच शिवणींत ५/८ इंच कापड नाहीसं होतं आणि साडेबाराचा चौकोन ११ ७/८ वर येतो. १/१६ इंच म्हणजे जाड दोऱ्याची आणि दोन-तीनदा मुडपलेल्या कापडाची जाडी. शिवताना डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून तर शिवून झाल्यावर मोजायचं असतं. साडेबारा इंची पारदर्शक चौकोनी पट्टी आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरी आहे. ती चौकोनावर ठेवायला अर्धं मिनिट लागतं.

ते अर्धं मिनिट जिने दिलं नाही तिचा डबा ज्या बाईकडे जातो, तिने आधी एक साधी पट्टी चारही बाजूंना जोडून मापाचा हिशेब पुन्हा जुळवायचा. या पट्टीला इथे कोपिंग स्ट्रिप म्हणतात. पट्टी सपाट आणि एकरंगी असते, तिच्यात काही करण्यासारखं नसतं. महिनाभर डोक्यात घोळवलेली बॉर्डर ही पट्टी लावल्यावर मावत नाही, कारण एका फेरीत किती रुंदी वाढवायची याचंही बंधन असतं. कित्येक बायकांची पाळी अशी दुसरीचं माप सावरण्यात गेलेली मी पाहिली आहे. क्विल्ट उलगडताना त्या बॉर्डरीकडे पाहून कुणीतरी म्हणतं, या वेळी तू अगदी साधंच केलंस.

मापाखालोखाल माझा राग बाहेरच्या कडेवर आहे. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापलं तर कड स्थिर राहते. तिरकं कापलं तर ती ताणली जाते आणि इस्त्री फिरवली की लाटा येतात. चौकोन टोकावर उभा करून चौकटीत बसवायचा असेल तर बाजूचे त्रिकोण मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून काढायचे असतात, म्हणजे त्यांची लांब बाजू सरळ धाग्यावर येते. कोपऱ्याचे त्रिकोण एकाच कर्णावर कापायचे. नेमकं उलट करून दिलेला चौकोन हातात आला की त्याच्या चारही बाजू रबरासारख्या ओढल्या जातात. त्यावर बॉर्डर सरळ बसत नाही आणि दोष बॉर्डर लावणारीला मिळतो. कडेपासून १/८ इंचावर एक साधी शिवण मारून ठेवली असती तरी निभावलं असतं. तीही कुणी मारत नाही.

आणि ताऱ्यांची टोकं! आठ टोकांचा तारा शिवायचा आणि टोकं थेट कापडाच्या कडेपर्यंत न्यायची, पाव इंच मायाही सोडायची नाही, हा पुढच्या बाईवर अन्याय आहे. तिची शिवण पडताच आठही टोकं बोथट होतात. त्या ताऱ्यावर इतकं मन लावून काम केलेलं असतं की ते पाहताना मला खरंच वाईट वाटतं.

काही जणी हल्ली शिवतच नाहीत. दुकानात छापील पॅनल मिळतं, पक्षी किंवा खेड्यातलं कोठार छापलेलं, ते कापून सेंटर ब्लॉक म्हणून देतात. पॅनल वापरायला माझी हरकत नाही. पण छपाई बऱ्याचदा धाग्याशी काटकोनात नसते. चित्राच्या चौकटीवर कापावं तर कापड तिरकं, आणि धाग्यावर कापावं तर कोठार कललेलं. हे निस्तरण्याचं काम पुन्हा पुढच्या बाईकडे.

कापडावरची मांजराची लव आणि सुगंधी फवारा यांबद्दल मी दोन वाक्यांपेक्षा जास्त लिहिणार नाही. कापड धुऊन द्यावं, म्हणजे लाल आणि गडद निळ्याचा रंग सुटणार असेल तर आपल्याच घरी सुटेल.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं की तो म्हणतो, ताई, आपल्या आजीच्या गोधडीला कुठे मापं होती? नव्हती, आणि लागतही नव्हती. गोधडीत खाली अखंड लुगडं असतं. त्याच्यावर जुन्या कपड्यांचे थर येतात, वर तुकडे ठेवून कडा आत दुमडायच्या आणि सगळ्यातून धावदोरा घालायचा. तुकडा बोटभर मोठा निघाला तर बोटभर जास्त दुमडला जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच. या समाजाच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं. कवंदीत एका कोपऱ्यापासून तुकडे लावायला सुरुवात करतात आणि कडेकडेने फिरत आत येतात. कोपऱ्यांवर घडीची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. तिथे मध्य सगळ्यात शेवटी येतो आणि उरलेल्या जागेत जे बसेल ते तिथे बसतं. राउंड रॉबिनमध्ये खाली आधाराला काहीच नसतं. तुकड्याला तुकडा जोडूनच कापड तयार होतं, म्हणून पहिल्या तुकड्यातली खोट शेवटच्या बॉर्डरीपर्यंत जाते.

मध्यापासून बाहेर वाढत जाणाऱ्या, मापाची पर्वा न करणाऱ्या क्विल्टही आहेत आणि त्या मला अतिशय आवडतात. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या 'हाउसटॉप' क्विल्ट पाहा. मधे एक तुकडा आणि भोवती पट्ट्यांवर पट्ट्या, हाताला येतील तशा. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली. आमच्या गटात वाकड्या चौकोनाचं समर्थन करताना हे नाव हमखास घेतलं जातं. मला ते पटत नाही. जीज बेंडच्या बाईने पट्टी वाकडी लावली तर पुढची पट्टी तिलाच लावायची असते. कुठे तोल सावरायचा हे तिला ठाऊक असतं. आमच्याकडे वाकडेपणा एकीचा आणि सावरणं दुसरीचं.

अनेक हातांनी मिळून मध्याभोवती काम केल्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण राजा क्विल्टचं आहे. १८४१ मध्ये 'राजा' नावाचं जहाज इंग्लंडहून सुमारे १८० कैदी बायकांना घेऊन टास्मानियातल्या होबार्टला निघालं. तुरुंगातल्या बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने त्यांना सुया, दोरे आणि कापडाचे तुकडे दिले होते. प्रवासात त्यांनी २,८१५ तुकड्यांची क्विल्ट केली. मधे पांढऱ्या सुती कापडावर चिटाच्या कापडातले पक्षी आणि फुलं कापून लावली आहेत आणि भोवती पट्ट्यांच्या बारा चौकटी आहेत. ती आता कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे. शिवणाऱ्यांपैकी सगळ्या तरबेज नव्हत्या, हे टाक्यांवरून कळतं. तरी बारा चौकटी एकामागून एक बसल्या, कारण पूर्ण क्विल्ट कशी होणार हे जहाजावर कुणाला तरी माहीत होतं. आमच्याकडे पूर्ण क्विल्ट फक्त मालकिणीच्या मनात असते आणि ती ते मन कुणाला दाखवत नाही.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. प्रत्येक डब्यात एक वही असते. मालकिणीने तीत आपल्याला काय आवडतं, क्विल्ट कुठे वापरायची, कुठले रंग नकोत, हे लिहायचं असतं. सहापैकी निम्म्या वह्यांत एकच ओळ असते: काहीही चालेल, मनासारखं करा.

कुणालाही काहीही चालत नसतं. ज्या बाईने वर्षभर कापड जमवून, रंग शेजारी शेजारी ठेवून पाहून मधला चौकोन शिवला, तिला आवडीनिवडी नाहीत यावर माझा विश्वास नाही. सांगितलं तर आपण हट्टी दिसू, असं तिला वाटत असावं. पण न सांगितल्याने पाच जणींना अंदाज बांधत बसावं लागतं. एक तो चौकोन शरद ऋतूचा समजते, दुसरी लहान मुलाच्या खोलीचा, आणि बॉर्डरी एकमेकींशी भांडायला लागतात. सोबत कापडही धड दिलेलं नसतं. मधल्या चौकोनातलं निळं पुढे न्यायचं तर डब्यात त्याचा तळहाताएवढा तुकडा असतो.

चौकोनच इतका भरगच्च असला की बाहेर काही करायला जागा नाही, तेव्हाही हीच अडचण होते. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागातल्या आमिश बायका पूर्वी लोकरी कापडाच्या 'सेंटर डायमंड' क्विल्ट करत. मधे टोकावर उभा केलेला एकरंगी मोठा चौकोन, भोवती रुंद साध्या पट्ट्या, छापील कापड अजिबात नाही. इतक्या मोकळ्या मध्याभोवती काय करावं हे कुणालाही सुचेल. सतरा छापील कापडांच्या ताऱ्याभोवती काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही.

मागच्या फेरीत 'काहीही चालेल' लिहिणाऱ्या एका बाईने आपली क्विल्ट उलगडली, सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि घरी जाऊन चौथी बॉर्डर उसवली. बॉर्डर माझी नव्हती. ज्यांची होती त्या सत्तरीच्या आहेत, हात दुखत असताना त्यांनी ती रात्री बसून पुरी केली होती. छत्तीस इंची चौकोनाभोवती १४४ इंच शिवण होते. इंचाला दहा टाके धरले तरी १,४४० टाके, आणि हे फक्त जोडण्याचे. बॉर्डरीतल्या तुकड्यांचे वेगळे. नारिंगी नको, एवढे दोन शब्द वहीत असते तर त्या बाईंनी दुसरा रंग घेतला असता. त्यांच्याकडे कपाटभर कापड आहे.

सेंटर ब्लॉक डब्यात जाण्यापूर्वी सगळ्यांसमोर मोजावा आणि वहीचं पहिलं पान कोरं असेल तर डबा स्वीकारू नये, अशी लेखी सूचना मी गटाला दिली होती. विचार करू, असं उत्तर आलं. सप्टेंबरमध्ये नवी फेरी सुरू होईल तेव्हा मी ती पुन्हा देणार आहे.

माझा चौकोन झाला आहे. कडेला शिवण मारली आहे, कापड दोनदा धुतलं आहे, आणि मधल्या हिरव्या कापडाचे दोन यार्ड डब्यात घडी घालून ठेवले आहेत. वहीत लिहिलं आहे की क्विल्ट आईच्या पलंगासाठी आहे, तिला जांभळा आवडत नाही, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला फिक्या रंगांतला फरक चांगला दिसतो, तेव्हा फिके रंग बिनधास्त वापरा. साठ इंचांपेक्षा मोठी नको, पलंग अरुंद आहे. आणि यात न लिहिलेलं काही कुणी लावलं, तर ते मी उसवणार नाही.