शर्ट कोणाचा?

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या एका आईने मुलाला संस्थेत ठेवण्याआधी त्याच्यासाठी सहा शर्ट शिवून घेतले. मुलगा चौतीस वर्षांचा. चार-सहा शब्द बोलतो, त्यात ‘माय’ आणि ‘च्या’ हे पक्के. बटण लावता येतं, पण वेळ लागतो, म्हणून तिने मोठाली बटणं निवडली. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्याने त्याचं नाव घातलं.

महिन्याने तिच्याबरोबर आम्ही त्याला भेटायला गेलो. अंगावर शर्ट दुसऱ्याचाच होता. बटणं दोनच शिल्लक, पोट उघडं. आत एका खोलीत धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग पडलेला. आंघोळ झाली की ज्याच्या हाती जे लागेल ते अंगात घालायचं. संस्थेचं नाव लिहीत नाही. असाच ढीग मी आणखी दोन ठिकाणी पाहिला आहे.

कार्यालयात सगळं जागच्या जागी होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. नोंदणी होती, काचेच्या चौकटीत लावलेली. खाटा मोजलेल्या, संडास मोजलेले, वह्या भरलेल्या. शर्ट कोणाचा, हा रकाना त्यात कुठेच नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रकाना आधी हवा, बाकीचे नंतर.

आपल्या माणसासाठी संस्था बघायला निघालेल्यांनी दुपारी जाऊ नये. संध्याकाळी सातला जावं. चाळिशीतली धडधाकट माणसं सातला गाढ झोपलेली दिसली, तर औषधाची वही मागावी आणि कोणत्या डॉक्टरने कधी काय लिहून दिलं ते वाचावं. हातापायाची नखं बघावीत. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का, की सगळ्यांना अंगणात ओळीने उभं करून पाइपने पाणी मारतात? दाढी आलेल्या माणसाला ‘बाळ’ म्हणून हाक मारतात का? मला विचाराल तर संस्थेची प्रत या एवढ्यावरून कळते, भिंतीवरच्या देणगीदारांच्या फोटोंवरून नाही.

साधनं आणि पैसा कमी म्हणून हे होतं, हे कारण मला पटत नाही. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी. पैशाची ददात नव्हती. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं की तिथले कर्मचारी त्यांना मारतात, फरफटत नेतात. एका परिचारकाने आधीच कळवलं होतं, पण यंत्रणा हलली नाही. शेवटी अकरा जण दोषी ठरले, रुग्णालय बंद पडलं. त्याच साली आपल्याकडे पनवेलजवळच्या कळंबोलीत मतिमंद, अनाथ मुलींच्या संस्थेतले अत्याचार बाहेर आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. दोन्हीकडे आतल्या माणसांना सांगता येत नव्हतं आणि बाहेरचं माणूस रोज येत नव्हतं.

ज्याला तक्रार करता येत नाही, त्याची तक्रार त्याच्याकडे येणारा-जाणारा करतो. मावशी डबा घेऊन येते आणि दंडावरचा वळ बघते. शेजारचा पोरगा सहज डोकावतो आणि पायात चप्पल नाही हे बघतो. म्हणून मला संस्थेच्या दर्जाचा प्रश्न अंतराचा वाटतो.

चांगली ठिकाणं महाराष्ट्रात आहेत. बदलापूरची ‘आधार’ माधव गोरे आणि इतर पालकांनी उभी केली, आपल्यामागे मुलांचं काय या एकाच काळजीतून. आपल्याच अमरावती विभागात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत. कुठे रस्त्यावर, कुठे स्टेशनवर टाकून दिलेली १२३ दिव्यांग मुलं त्यांनी आपल्या नावावर वाढवली. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बालगृहाबाहेर, हा नियम त्यांनी मानला नाही. बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही तिथेच राहता यावं असा कायदा करा, हे ते वर्षानुवर्षं सरकारला सांगत आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागितला होता तो कायदा.

पण रिसोडहून वझ्झर म्हणजे आधी अकोला, मग परतवाडा, मग पुढे. बदलापूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरीला जाणारी बाई महिन्याला कशी जाईल? संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगाला आता महिन्याला अडीच हजार मिळतात. त्यात त्याचं खाणं, औषध, तेल-साबण बघायचं की दोघांचं भाडं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धिक अपंगत्व असलेली सुमारे एक लाख साठ हजार माणसं नोंदली गेली. त्यातली कितीतरी आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या आया सत्तरीत. शाळेचा विचार झाला, शाळा सुटल्यानंतरच्या चाळीस वर्षांचा झाला नाही. २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाने तालुक्याला आठ-दहा जणांचं एक घर द्यावं. मोठी इमारत नको, गावठाणातलं घर हवं. समोर किराणा दुकान, बाजूला अंगणवाडी, येता-जाता कोणीही हाक मारेल असं. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना अशा प्रौढांच्या आयुष्यभराच्या निवासासाठीच आखलेली आहे. ती तालुक्यापर्यंत आणायला हवी.

त्याच न्यासाच्या १९९९ च्या कायद्यातली एक गोष्ट मला बोचते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अशा प्रौढाला पालक नेमून देते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्याच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा. चांगली तरतूद आहे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या भोळ्या भावाचं शेत कसं गिळलं जातं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पण पालक त्याला नीट सांभाळत नसेल, तर कोणीतरी अर्ज केला तरच समिती बघणार. दोन एकराचा हिशेब न मागता येतो, माणसाचा मागावा लागतो. वाशीमच्या समितीने, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या, वर्षातून एकदा हिशेबासोबत त्या माणसालाही समोर बसवून घ्यावं. नखं बघावीत. कॉलर उलटून बघावी.

त्या दिवशी ढिगातून आम्हाला सहापैकी दोनच शर्ट सापडले. आईने एक त्याच्या अंगात घातला. बटणं त्याला लावू दिली, आम्ही सगळे थांबून राहिलो. मग तिने त्याची पिशवी भरायला घेतली. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, घरी नेऊन करणार काय? तुमचं वय काय? ती म्हणाली, अडुसष्ट. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. मेहकर फाट्यावर चहा घेताना ती मला म्हणाली, “भाऊ, माह्या मांगं याले कोण पाहीन?” तो ‘च्या’ म्हणाला आणि तिने आपल्या कपातला अर्धा त्याच्या बशीत ओतला.