मूडकर

फोटोग्राफीच्या प्रत्येक बॅचमध्ये एक मूडकर असतो. मस्टरवर त्याचं आडनाव काहीही असो, पहिल्या असाइनमेंटनंतर त्याचं बारसं होतंच. फोटो हललेला आला की तो शांतपणे म्हणतो, "सर, तो मूड आहे." काळाकुट्ट आला तरी मूड, पांढराफटक आला तरी मूड. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून सरळ उभी आहे. याच्या एका क्लिकमध्ये तिचा मनोरा थेट पिसाला जाऊन पोचला. "शहराचा तोल गेलाय, सर," असा खुलासाही त्याच्याकडे तयार होता.

सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता 'मंडईतली माणसं'. अंगात बारा खिशांचं जाकीट, त्यातले अकरा रिकामे. गळ्यात भाड्याने आणलेली हातभर झूम लेन्स. असा सगळा सरंजाम करून मूडकर मोहिमेवर गेला आणि प्रिंट भिंतीवर लागले.

पहिल्या फोटोत भाजीवाल्या मावशी धुक्यात हरवल्या होत्या. त्यांच्यापुढची वांगी मात्र अशी लख्ख, की देठावरचे काटे मोजून घ्यावेत. दुसऱ्यात अख्खी मंडई निळी. आदल्या रात्री पिवळ्या बल्बसाठी लावलेला व्हाइट बॅलन्स दिवसाही तसाच राहिला होता. "भाजीचा गारवा दाखवलाय," मूडकर म्हणाला. तिसऱ्यात पोतं होतं, हमाल फ्रेमबाहेर निघून गेला होता.

सर तोंड उघडणार, तोच मूडकरने युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाला साक्षीला बोलावलं. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कापाने काढलेले फोटोही हललेलेच होते, आणि १९४७ मध्ये त्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'स्लाइटली आउट ऑफ फोकस' ठेवलं. माहिती बिनचूक होती.

"बरोबर," सर म्हणाले. "त्याच्यावर जर्मन गोळ्या झाडत होते. तुझ्यावर कोण झाडत होतं? कोथिंबीरवाली?"

मग सरांनी फर्मान काढलं: प्रत्येक फोटोखाली फक्त एक्झिफ लिहायचं, भाष्य नको. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा आपणहून नोंद करून ठेवतो. वेळ काय, शटर किती, अ‍ॅपर्चर किती, लेन्स किती मिलिमीटरवर होती. त्यात मूडचा रकाना नसतो.

मूडकर मान खाली घालून लिहीत गेला. वेळ: सव्वाअकरा, पावणेबारा, साडेबारा. म्हणजे ऊन डोक्यावर, प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या आणि सकाळची गडबड केव्हाच आटोपलेली. शटर: १/६०. २०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून निदान १/२०० तरी हवं, म्हणजे फोटो हलणार हे ठरलेलंच. लेन्स: २००, २००, पुन्हा २००. एवढ्या झूमवर चार-पाच पावलांवरच्या माणसाला फोकसमध्ये जागा वीतभरही उरत नाही. कॅमेऱ्याने पुढची वांगी पकडली आणि मावशी सोडल्या. सगळे आकडे एकच सांगत होते. हा पठ्ठ्या उशिरा उठतो आणि खांबाआडून फोटो काढतो, कारण माणसांशी बोलायची त्याला लाज वाटते. कापाची ख्याती तर जवळ जाण्याबद्दल. मूडकरने त्याच्याकडून नेमकी थरथर तेवढी उचलली होती.

पुढच्या खेपेला तो सकाळी सहाला गेला, पन्नासची साधी लेन्स घेऊन, आणि थेट मावशींसमोर उभा राहिला.

"त्या दिवशी खांबामागे तूच होतास होय रे?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं वजनमापवाला आला!"

दोघं हसले, आणि फोटो त्याच हसण्यात निघाला. डोळे स्वच्छ, तराजूवरचा हात स्वच्छ. प्रिंट दाखवायला गेल्यावर मावशींनी तो लांब धरून निरखला आणि विचारलं, "माझं ठीक आहे, पण वांगी कुठं गेली?"

प्रोजेक्टमध्ये त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, खाली आकड्यांसकट. परीक्षक सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले. मनोरा मात्र अजून वाकडाच आहे. त्याबाबतीत मूडकर तडजोड करायला तयार नाही.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर त्याला एवढ्यात महागडी लेन्स घेऊन देऊ नका. आधी गजराचं घड्याळ द्या, आणि समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायला सांगा.